रिकामी मानलेली जागा

रीटकोल्क, ११ मार्च

मारलीझ,

पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला होतात, "मला प्रोफेसर म्हणू नकोस, नावाने हाक मार." पाच वर्षांत मला ते जमलं नाही. आमच्या कारूच्या माळरानात मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारली तर आई थोबाडीत देते. आज जमलं. राग आला की बरंच काही जमतं.

तुम्ही विभागात सगळ्यांना सांगितलंत की डेनोलिन दमली आहे, घरी विश्रांतीला गेली आहे. मी दमलेली नाही. आपला लेख छापून आला म्हणून तुमच्या खोलीबाहेर लोक केक कापत असताना टाळ्या वाजवायला माझे हात उठेनात, म्हणून मी बसमध्ये बसले आणि नऊ तासांनी इथे उतरले.

कागदावर लिहिते आहे, त्याला दोन कारणं. एक म्हणजे परातीच्या, गाव जिला परात म्हणतं त्या आपल्या रेडिओ-दुर्बिणीच्या, आसपास मोबाइल चालू देत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. दुसरं म्हणजे ईमेलला तुम्ही दोन ओळींचं उत्तर देता आणि त्याची प्रत विभागप्रमुखांना पाठवता. पत्राची प्रत आपोआप जात नाही.

बातमी इथेही पोचली आहे. पा आणि त्याची मेंढ्या कातरणारी टोळी दुपारी मिरीच्या झाडाखाली जेवायला बसते. तिथे कुणीतरी तंबाखूबरोबर पेपर आणला होता. 'आकाशगंगेच्या पोटातलं वादळ.' खाली परातीसमोर हात वर करून उभ्या असलेल्या तुम्ही, आणि तुमच्या मागे अर्धी दिसणारी मी.

"डेनीने वादळ शोधलं म्हणे," एकजण म्हणाला.

"चार वर्षं पाऊस नाही आणि ही वादळं शोधतेय. साधा एक ढग शोध ना गं पोरी."

"किती लांब आहे ते?"

"हजारो प्रकाशवर्षं," मी म्हटलं.

"मग पिएटला सांग. त्याच्या बायकोला तेवढ्या लांब पाठवायचंय."

सगळे हसले. पा हसला नाही. त्याने हात पुसले, ते पान घडी करून छातीच्या खिशात ठेवलं. माझा बाप चौथी शिकलाय. त्याने ते पान खिशात ठेवलं म्हणून मी हे लिहिते आहे, एवढंच तुम्हाला कळलं तरी पुरे.

कारण त्या पानावर लिहिलेलं खरं नाही, आणि ते खरं नाही हे तुम्हाला १४ फेब्रुवारीपासून माहीत आहे.

तुम्हाला पुन्हा सांगते, यावेळी पा-ला सांगितलं तसं, म्हणजे कळलं नाही असं म्हणायची सोय राहणार नाही. लोकर तोलताना आधी रिकामं पोतं तोलतात आणि ते वजन वजा करतात. आपणही तेच करतो. आकाशातला वायू मोजायचा तर आधी परात अशा ठिकाणी रोखायची जिथे वायू नाही, आणि तिथे यंत्राची जी कुजबुज ऐकू येते ती पुढच्या प्रत्येक मापातून वजा करायची. बावीस वर्षांपूर्वी ती रिकामी जागा तुम्ही निवडलीत. विभागात सगळे तिला 'मारलीझची जागा' म्हणतात. आणि त्या पोत्यात लोकर आहे, मारलीझ. थोडी आहे, पण आहे.

आपण छापलं की आकाशगंगेच्या वर उभ्या असलेल्या त्या प्रचंड वायूच्या कमानीत दोन भिंती आहेत, एक जास्त वेगाची, एक कमी वेगाची, आणि मध्ये पोकळी. म्हणजे ती फुगते आहे. म्हणजे साठ लाख वर्षांपूर्वी केंद्रातल्या काळ्या विवराने ती फुंकली. मी तुम्हाला म्हटलं की मधली पोकळी आकाशात नाही, आपल्या वजाबाकीत आहे. त्या जागेतल्या वायूचा वेग बरोबर मधला आहे. तो वजा केला की एका अखंड भिंतीच्या मधोमध खड्डा पडतो आणि एकाच्या दोन दिसतात.

तुम्ही म्हणालात, "लेख छापून येऊ दे, मग बघू."

दोन वर्षांपूर्वी हाच खड्डा मी परातीच्या वहीत नोंदवला होता, तेव्हाही तुम्ही सोडून द्यायला सांगितलं होतंत. मी सोडलं. आता सोडणार नाही.

डेनोलिन


रीटकोल्क, २९ मार्च

मारलीझ,

तुमचं उत्तर मिळालं. टंकलेखित, विभागाच्या कागदावर. "विज्ञान एका माणसाचं नसतं. चूक असल्यास पुढील लेखात दुरुस्ती करता येईल. तू प्रबंधाकडे लक्ष द्यावंस. चौथं प्रकरण छापील लेखाप्रमाणेच असेल असं मी धरून चालते. माझी सही मेअखेरपर्यंत लागेल."

शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. ते वाक्य नाही, दाराची कडी आहे. चौथ्या प्रकरणात दोन भिंती असतील तर सही, नाहीतर पाच वर्षांचं काम माझ्या आईच्या कपाटावर.

आणि वहीबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं होतं, निदान त्याचा तरी राग येईल तुम्हाला.

असो. मी विश्रांती घेत नाही आहे, याचा पुरावा सोबत जोडला आहे.

ऊम सारेल, आम्हा सगळ्यांचे सारेलकाका, एकतीस वर्षं परात फिरवतात. दर मार्चमध्ये तिच्या सांध्यांना नवं ग्रीस घालतात, मग चार दिवस तिला सगळ्या दिशांना हळूहळू फिरवतात. त्या चार दिवसांत कुणालाच वेळ दिलेला नसतो. मी त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. काही मागायच्या आतच ते म्हणाले, "तुझ्या आईने सांगितलंय, पोरीने प्रबंध लिहावा, तुला परातीचा वेळ द्यायचा नाही."

"मग?"

"मग काय? मी तुला काही देत नाहीये. ग्रीस मुरवायला ती फिरवावीच लागते. ती कुठे बघतेय हे ग्रीसला काय कळतंय? आणि ऐकायचं यंत्र बंद करायला मी विसरलोय. म्हातारा झालो."

दुपारी एक ते चार, चार दिवस. गावातल्या लोकांना वाटतं आम्ही घुबडासारखे रात्री जागतो. परातीला ऊन काय नि अंधार काय. बाहेर मेंढ्या सावलीला उभ्या होत्या, आणि आत मी आकाशातल्या तीन जागा तुमच्या जागेशी ताडून बघत होते. तिन्ही एकमेकींपासून लांब. तिन्ही एकमेकींशी जुळतात. तुमची एकाही मापात जुळत नाही. दर वेळी त्याच वेगाला तोच उंचवटा.

तुम्ही विचाराल की मग इतर दिशांना बघताना आपल्याला खड्डा का दिसला नाही. दिसत होता. तिथे वजा करायला काही नसायचं, म्हणून रेघ शून्याच्या खाली जायची आणि आपली संगणकातली आज्ञावली ती यंत्राची खोड समजून सपाट करायची. ती आज्ञावली मी लिहिली आहे. ते मी लपवत नाही.

मापं ऊम सारेलनी बोट फिरवत दोनदा वाचली. मग म्हणाले, "बावीस वर्षं मी तिला रोज सकाळी त्याच जागी नेऊन उभी करतो. घंटा वाजवायला जावं तसा." आणि मग, "प्रोफेसरबाईंना सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग तू ओरडतेस कशाला? त्यांना कळलंय."

म्हणूनच ओरडते आहे.

डेनोलिन


रीटकोल्क, १३ एप्रिल

मारलीझ,

काल चर्चच्या सभागृहात माझा सत्कार होता. तुम्हाला निमंत्रण होतं. तुम्ही आला नाहीत, फुलं पाठवलीत. फुलांवरच्या चिठ्ठीत "आमच्या वादळशोधकाला" असं लिहिलेलं होतं. तुम्ही स्वतः लिहिलंत की दुकानदाराला सांगितलंत?

शाळेच्या मुलांनी काळ्या कापडावर पांढऱ्या लोकरीची कमान चिकटवली होती. दोन भिंती, मध्ये पोकळी, पोकळीत माझं नाव. मुख्याध्यापकांनी भाषण केलं: या गावातली पहिली पदवीधर, आता लवकरच पहिली डॉक्टर. मग मला बोलायला उभं केलं.

मी बसमधून उतरल्यापासून विचार करत होते की एका खोलीत खरं बोलायचं तर कुठल्या. ती हीच होती. मी सांगितलं की पेपरात आलंय ते चुकलं आहे. कमान खरी आहे, प्रचंड आहे. पण दोन भिंती नाहीत. ती कुणी फुंकली, कधी, फुंकली की आणखी काही, हे आम्हाला माहीत नाही.

मग तान्नी बेट्टा, आमची बेट्टा मावशी, जिच्या घरी मी लहानपणी दिव्याखाली अभ्यास केला, मोठ्याने म्हणाली, "म्हणजे खोटं आहे ते? अगं, मी ते कात्रण चौकटीत लावलंय! येशूच्या शेजारी!"

"येशूला राहू दे तान्नी. कात्रण काढ."

"चौकटीचे पैसे गेले ना माझे!"

कुणी हसलं, कुणी नाही. मागून एक आवाज आला, "शहरात चूक करायची आणि गावात येऊन सांगायची. आम्ही काय पाद्री आहोत?" ते बरोबर होतं.

पोरांनी लोकर उपटायला घेतली, तर त्यांच्या बाईंनी त्यांना ओरडून बसवलं.

घरी आल्यावर मा-ने हॅट काढली नाही. हॅट घालूनच उभी राहिली. माझी आई परातीच्या स्वयंपाकघरात सोळा वर्षं राबते आहे, तुम्ही तिच्या हातचं मटण खाल्लं आहे आणि दर वेळी तिचं नाव विचारलं आहे.

"पदवी मिळाली?" तिने विचारलं.

"नाही."

"मग आधी ती घे. खरं नंतर सांग. खरं काय कुठे पळून जातंय?"

"मा, चौथ्या प्रकरणात मला खोटं लिहावं लागेल."

"एक प्रकरण! मी सोळा वर्षं सायबांना 'जेवण छान झालं ना' विचारते. मला काय पडलीय त्यांच्या जेवणाची? मी खोटं नाही बोलले? त्या खोट्यावर तू शिकलीस!"

"ते वेगळं आहे."

"हो, वेगळंच असणार. तुझं खरं आकाशातलं. आमचं खोटं चुलीतलं." मग हॅट काढली, आणि अगदी हळू विचारलं, "तुला हे कधी कळलं, डेनी?"

"फेब्रुवारीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी भांडी घासायला घेतली.

"आधी पदवी घे, खरं नंतर सांग." हे वाक्य तुमचंच आहे, शब्द बदलून. पण तिच्या तोंडून ऐकताना मला रडू आलं आणि तुमच्या तोंडून ऐकताना किळस आली. असं का, हे मला अजून कळलेलं नाही.

डेनोलिन


रीटकोल्क, २० एप्रिल

मारलीझ,

हे पत्र छोटं आहे. मला ते लिहायचं नव्हतं.

मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. दोन वर्षांपूर्वीचा खड्डा तुम्ही सोडून द्यायला सांगितलात, असं लिहिलं. तुम्ही तसं कधीच सांगितलं नाहीत. तुम्ही तो पाहिलाच नव्हता.

परातीच्या वहीचा नियम तुम्ही आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलात. नोंद शाईने करायची. चुकली तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. पान फाडायचं नाही, खोडरबर तर नियंत्रण-खोलीत आणायचंच नाही. त्या दिवशी, जुलैत, मी शून्याखाली जाणारी रेघ पाहिली. ज्या वेगाला ती खाली जात होती तो वेग मी ओळखला. आपल्या पोकळीचा वेग. मी पेन्सिलने लिहिलं: 'जागा रिकामी नाही?' पेन्सिलने. म्हणजे लिहितानाच मला माहीत होतं की मी ते पुसणार आहे.

त्याच आठवड्यात शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरणार होतं. तुम्ही केप टाउनहून येणार होतात. सकाळी वही तुमच्यासमोर ठेवायच्या आधी मी ते पुसलं. मग आज्ञावलीत ती सपाट करायची ओळ घातली. ऊम सारेल शेजारी बसून कॉफी पीत होते. त्यांनी पाहिलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

मा-ला मी फेब्रुवारी सांगितलं. सभागृहात कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. आणि तुम्हाला तर मी त्या खोट्यानेच पहिलं पत्र मारलं. तुम्ही उत्तरात वहीबद्दल काही लिहिलं नाहीत. तुम्हाला आठवेना म्हणून? की तुम्ही वही काढून बघितलीत, काही सापडलं नाही, आणि मला तेवढ्यावर उघडं पाडायचं नाही असं ठरवलंत? हे दुसरं खरं असेल तर ते मला फार जड जाईल. तुमच्यावर मला पूर्ण रागावता आलं पाहिजे.

आणि अजून येतंय. माझं खोटं दोन वर्षांचं, भीतीचं. तुम्हाला कसली भीती होती? तुमची नोकरी कुणी काढणार नव्हतं. तुमचा बाप उन्हात मेंढ्या उताण्या पाडून कातरत नाही. १४ फेब्रुवारीला तुम्हाला आकडे दिसले, तुम्ही चष्मा काढलात, डोळे चोळलेत, आणि मला समजलं की तुम्हाला समजलं. तरी तीन आठवड्यांनी तुम्ही हात वर करून फोटो काढून घेतलात.

पहिलं पत्र फाडू नका. त्यावर एक आडवी रेघ मारा.

डेनोलिन


रीटकोल्क, १६ मे

मारलीझ,

मासिकाला दुरुस्ती पाठवली. त्याची प्रत सोबत आहे. तुम्हाला आधी दाखवली नाही, कारण तुम्ही मला आधी काय म्हणाला असतात हे मला माहीत आहे.

पहिल्या परिच्छेदात मीच आहे: या लेखाच्या सहलेखिकेला ही त्रुटी दोन वर्षांपूर्वी दिसली होती आणि तिने नोंद नष्ट केली. ते वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. पाठवण्याआधी मी ते मा आणि पा-ला वाचून दाखवलं. पा म्हणाला, "नष्ट केली? पुसली असं लिही ना. नष्ट म्हणजे जाळल्यासारखं वाटतं." मा उठून चुलीकडे गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाढायची, ताट जरा जोरात ठेवायची.

आता जे सांगते आहे ते रागाने सांगत नाही. प्रयत्न करते.

ऊम सारेल अजून म्हातारेच आहेत. दुरुस्तीच्या वेळा, चाचणीच्या वेळा, जिथे जिथे परात मोकळी होती तिथे त्यांनी यंत्र बंद करायला विसरून दाखवलं. मी तुमच्या जागेच्या भोवती बघत गेले, एकेक पाऊल. मला वाटलं होतं तिथे एखादा लहानसा भटका ढग असेल. दुर्दैव, असं म्हणून मोकळं होता येईल. तसं नाही. ढगाला कडा सापडेचना. बाजूला गेले, अजून वायू. वर गेले, अजून. तोच वेग, हळूहळू बदलत जाणारा. हात लांब करून पंजा ताणला तर आकाशात जेवढं झाकलं जातं, तसे दोन पंजे ओलांडले, आणि मी कुठे पोचले? आपल्या कमानीला.

तो वायू कमानीचाच आहे. अंगण कसं आहे हे बघायला तुम्ही दाराबाहेर पाऊल टाकलंत, पण घर तुम्हाला वाटलं त्याहून फार मोठं होतं. पाऊल घरातच पडलं. बावीस वर्षांपूर्वी तुमच्या जागी मी असते तर माझंही तिथेच पडलं असतं. शेजारच्या नव्या ताटल्यांच्या, म्हणजे लहान दुर्बिणींच्या, रांगेला हे दिसणारच नाही, ती बारीक बघते, इतकं पसरलेलं तिच्या हातातून निसटतं. हे फक्त एकट्या परातीला दिसतं. आपल्या जुन्या, ग्रीस गळणाऱ्या परातीला.

तुम्हाला कळतंय का तुम्ही काय नाकारताय? ही दुरुस्ती नाही नुसती. आपण जे शोधलं असं म्हणत होतो त्यापेक्षा हे मोठं आहे, आणि ते कुठून आलं हे कुणालाच माहीत नाही. काळ्या विवराने फुंकलं असेल. पिढ्यान्‌पिढ्या ताऱ्यांच्या मरणांनी ढकललं असेल. शेजारच्या छोट्या आकाशगंगांपासून ओरबाडलं गेलं असेल. किंवा ते अगदी जवळ, आपल्या दाराशी असेल आणि जवळ आहे म्हणूनच एवढं मोठं दिसत असेल. डोळ्यासमोर अंगठा धरला की डोंगर झाकतो, तसं. चार दारं होती. आपण तीन बंद केली आणि चौथ्यासमोर फोटो काढला.

माझं चौथं प्रकरण आता 'उगम अज्ञात' या शब्दांनी सुरू होतं. ते आजच्याच टपालाने तुमच्याकडे निघालं आहे. सही करा किंवा करू नका. पण वाचा. तुम्ही शिकवलेलं सगळं त्यात आहे.

डेनोलिन


रीटकोल्क, ५ जून

मारलीझ,

मेअखेर गेली. सही आली नाही. विद्यापीठाचं पत्र आलं की प्रबंध स्वीकारता येत नाही आणि शिष्यवृत्ती संपली. मी पा-च्या टोळीत टेबलावर लोकर निवडते आहे. काटेरी, मळकी बाजूला, लांब धाग्याची वेगळी. टोळीतले म्हणतात, "डॉक्टर, ही बघा, हिला ताप आहे." हाताला मेंढीचं तेल लागतं ते रात्रीपर्यंत जात नाही. इथे आता थंडी आहे, सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं असतं. मी रडत नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.

मासिकाचं पत्रही आलं. त्यांनी मूळ लेखाच्या सगळ्या लेखकांना विचारलं आहे. दोघांनी मान्य केलं. तुमचं उत्तर बाकी आहे. ते ३० जूनपर्यंत आलं नाही तर माझी दुरुस्ती 'एका लेखिकेचं वेगळं मत' म्हणून छापली जाईल, आणि तुमच्या दोन भिंती उभ्याच राहतील. त्यांच्यावर पुढची पोरं आपले प्रबंध टेकवतील.

मंगळवारी तुम्ही परातीच्या स्वयंपाकघरात फोन केलात. मी शेडमध्ये होते. मा-ने घेतला. त्या बोलण्यातलं तुमचं तुम्हाला माहीत आहे. तिचं काय झालं ते मी सांगते. ती संध्याकाळी घरी आली, भोपळा चिरायला बसली, आणि मान वर न करता म्हणाली:

"तुझ्या प्रोफेसरबाईंचा फोन होता."

मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"गोड बोलल्या. म्हणाल्या, मिसेस बोस्टँडर, तुमची मुलगी फार हुशार आहे. तिने तो कागद मागे घेतला तर मी आजही सही करते, तारखेचं मी बघते. पदवी हातात पडू दे, म्हणाल्या, मग पुढे हवं ते सुधारू. मी तुमच्या आईच्या जागी आहे, म्हणाल्या."

"मग तू काय म्हणालीस?"

मा-ने सुरी खाली ठेवली. मला खरंच माहीत नव्हतं ती काय म्हणाली असेल. मार्चपासून तिला हेच हवं होतं. शब्दन्‌शब्द हेच.

"मी म्हटलं, बाई, मी तिला रोज हेच सांगते. आधी पदवी, मग खरं. आई आहे, मला तेच दिसतं. पण आज तुमच्या तोंडून ऐकलं आणि मला माझीच लाज वाटली. मी म्हणते ते तिच्या पोटासाठी. तुम्ही कुणाच्या पोटासाठी म्हणताय?"

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, माझं मटण करपतंय, आणि तिच्या आईच्या जागी मी आहे. ठेवला."

पा दारात उभा होता. म्हणाला, "मटण करपलं होतं?"

"छे. मटण अजून कापायचंच होतं."

त्या रात्री ती माझ्याशी पूर्वीसारखं बोलली. म्हणजे ओरडली, की तेलकट हात टेबलक्लॉथला पुसू नकोस.

काल तुम्ही पुन्हा फोन केलात. मी तिथेच होते, मा-ने रिसीव्हर माझ्यापुढे धरला होता. मी घेतला नाही. तुम्हाला माझी माफी मागायची असेल, तर मला ती नको. मला परत बोलवायचं असेल, तर तेही आत्ता नको. तुमच्याकडे एकच गोष्ट आहे जी अजून उपयोगाची आहे, आणि ती माझ्यासाठी नाही. मासिकाच्या संपादकांनी तुम्हाला एका ओळीचा प्रश्न विचारला आहे: संदर्भासाठी घेतलेली जागा रिकामी होती का?

तुम्हाला उत्तर येतं. त्यांना कळवा. मला प्रत पाठवायची गरज नाही.

डेनोलिन बोस्टँडर